गुलटेकडीचे वस्ताद

अरबी-फारसीतून मराठीने जे शब्द उचलले त्यांपैकी ‘तालीम’ हा शब्द मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे. मूळ भाषेत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत येताना मात्र हा शब्द पाटी-पुस्तक वेशीबाहेर ठेवून नुसता लंगोट कसून आला. लाल मातीचा हौदा, कोपऱ्यात मलखांब, भिंतीला टेकून ठेवलेल्या जोड्या, कोनाड्यात शेंदूर फासलेला मारुती आणि या सर्वांवर देखरेख करणारा, उस्तादाचा झालेला वस्ताद, एवढे सगळे आपल्या डोळ्यांपुढे या एका शब्दाने उभे राहते. पुण्याच्या ज्या पेठेला पूर्वी गंज पेठ म्हणत आणि आज महात्मा फुले पेठ म्हणतात, त्या पेठेत लहुजी वस्तादांच्या नावाची तालीम आहे. त्याच पेठेत जोतीरावांचा वाडाही आहे. म्हणजे तालीम या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच पेठेत, एकमेकांना हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर नांदत आहेत. वाड्याविषयी आपल्या अंकातून पुष्कळ लिहून झाले आहे. मला लिहावयाचे आहे ते वस्तादांविषयी.

यामागे माझा थोडा स्वार्थ आहे, तो सांगून टाकतो. गेली दोन वर्षे मी शनिवार-रविवारी शाळकरी मुलांच्या डोंगर-शिबिरांत शिक्षक म्हणून काम करतो. कमरेला दोर बांधून कड्यावरून उतरणे, नदी ओलांडणे, तंबू ठोकणे, धनुष्यबाण, रात्रीची चाल अशा गोष्टी मुलांकडून करून घ्यायच्या आणि रविवारी संध्याकाळी सगळी मुले मोजून बसमध्ये घालायची, असे ते काम आहे. इतिहासाचा विद्यार्थी असल्यामुळे मला साहजिकच प्रश्न पडला की, या गावात हा धंदा माझ्याआधी कोणी केला? उघड्या माळावर, टेकडीवर पोरांना नेऊन त्यांच्या अंगात काहीतरी उतरविणारा माणूस पुण्यात पूर्वी कोण होता? उत्तर शोधायला फार लांब जावे लागले नाही. दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात असा माणूस होता आणि त्याचे नाव लहुजी राघोजी साळवे.

लहुजींचा जन्म १४ नोव्हेंबर १७९४ चा, पुरंदर किल्ल्याच्या पायथ्याच्या पेठ या गावचा. वडील राघोजी, आई विठाबाई. घराणे मांग जातीचे, म्हणजे आजच्या भाषेत मातंग समाजाचे. पुरंदर हा काही साधा गड नव्हे. १६५७ मध्ये संभाजीराजे तेथे जन्मले, १६६५ चा मिर्झाराजांबरोबरचा तह तेथेच झाला आणि १७७४ मध्ये सवाई माधवरावांचा जन्मही तेथलाच. अशा गडाच्या घेऱ्यात रात्रंदिवस पहारा ठेवणारी जी माणसे असत ती मांग, महार, रामोशी, कोळी यांच्यातली. वाटा त्यांच्या पायाखालच्या, झाडोरा त्यांच्या ओळखीचा, जनावराची चाहूल त्यांना आधी. साळव्यांच्या घराण्याला राऊत हा किताब शिवकालात मिळाला असे परंपरा सांगते. किताबाचे कसेही असो, लहुजींच्या वडिलांचे नाव पुढे ज्या वृत्तान्तात आले आहे तेथे ते ‘राघ राऊत’ असेच आले आहे. गावकुसाबाहेर घर आणि नावापुढे राऊत, अशी ही दुहेरी स्थिती पुढचे सारे चरित्र वाचताना ध्यानात ठेवावी लागते.

राघोजी अंगाने दांडगे आणि शिकारीत तरबेज होते. त्यांनी एक जिवंत वाघ पकडून पेशव्यांपुढे आणला आणि त्या करामतीवर खूश होऊन दुसऱ्या बाजीरावाने त्यांना शिकारखान्याचे काम दिले, अशी कथा सांगतात. पेशव्यांचा शिकारखाना पर्वतीच्या पायथ्याशी होता. वाघ, गेंडे, हरणे तेथे पाळलेली असत. कथेतला वाघ सांगणाऱ्यागणिक मोठा होत गेला असेल, पण शिकारखान्याच्या कामाला असाच माणूस लागतो हे कोणीही मान्य करील. लहुजी वडिलांच्या हाताखाली वाढले. पट्टा, तलवार, भाला, घोडा, बंदूक, कुस्ती या सर्व विद्या त्यांना घरातूनच मिळाल्या. या विद्या म्हणजे त्या घराचे पोट होते. सुताराच्या पोराच्या हाती जसा वाकस यावा तसा लहुजींच्या हाती पट्टा आला.

आणि मग १८१७ साल उजाडले. ५ नोव्हेंबरला खडकीच्या मैदानात पेशव्यांची फौज बापू गोखल्यांच्या हुकुमतीखाली इंग्रजांवर चालून गेली. मोर दीक्षित पडले, हल्ला फसला, आणि पुढच्या बारा दिवसांत येरवड्याच्या बाजूची चकमक होऊन १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. याच धामधुमीत राघोजी साळवे कामी आले. वाकडेवाडीच्या बाजूला त्यांची समाधी दाखवितात. लहुजी तेव्हा सुमारे तेवीस वर्षांचे होते. बापाचा देह पाहून त्यांनी लग्न न करण्याचा आणि उभा जन्म परक्या सत्तेविरुद्ध घालविण्याचा निश्चय केला असे त्यांच्या चरित्रात सर्वत्र सांगितले जाते. ते अविवाहित राहिले.

पुढच्या मार्चात पुरंदरही पडला. जूनमध्ये बाजीराव शरण गेला आणि सालिना आठ लाखांची नेमणूक घेऊन ब्रह्मावर्तास गेला. त्याची सोय झाली. गडकऱ्यांची, शिबंदीची, बारगिरांची सोय कोण लावणार? वर्षानुवर्षे ज्यांनी फक्त हत्यार चालविणे हीच कमाई केली होती, अशी हजारो माणसे एका पावसाळ्यात निरुपयोगी झाली. आपण इतिहासाच्या पेपरात ‘पेशवाईच्या अस्ताचे परिणाम’ असे पाच गुणांचे उत्तर लिहितो, त्यात या माणसांना एक ओळ मिळते. पुरंदरच्याच परिसरात, भिवडी गावी, लहुजींहून तीनच वर्षांनी मोठा असलेला एक रामोशी होता. त्याने या निरुपयोगी झालेल्या माणसांना गोळा केले आणि कंपनी सरकारशी उघड दावा मांडला. ते उमाजी नाईक. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी त्यांना पुण्यात फाशी दिली आणि लोकांना दहशत बसावी म्हणून त्यांचे प्रेत तीन दिवस मामलेदार कचेरीबाहेरच्या पिंपळाला टांगून ठेवले. लहुजी तेव्हा सदतीस वर्षांचे होते आणि पुण्यातच होते. तोवर त्यांची तालीम सुरू होऊन दहा वर्षे झाली होती.

लहुजींनी १८२२ च्या सुमारास ही तालीम काढली असे मानतात. मला या निर्णयाचे फार नवल वाटते. ज्या विद्येला आता गिऱ्हाईक उरले नाही, राजा उरला नाही, मोहीम उरली नाही, ती विद्या या माणसाने टाकून दिली नाही आणि तिच्यावर दरोडेही घातले नाहीत. तो ती शिकवीत बसला. पोटाची विद्या होती ती आता हौसेची, व्यायामाची, मनातल्या मनात जपलेल्या उमेदीची विद्या झाली. तिला घेणारे कोण, तर शहरातली पोरे.

ही विद्या शिकविणे म्हणजे काय, हे थोडे तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण आज दांडपट्टा आपल्याला फक्त शिवजयंतीच्या मिरवणुकीत दिसतो. पट्ट्याचे पाते सरळ, लांब आणि लवचिक, दोन्ही बाजूंनी धार असलेले. त्याची मूठ तलवारीच्या मुठीसारखी नसते. मनगटापासून जवळजवळ कोपरापर्यंत हात झाकून टाकणारे लोखंडी कवच असते आणि आत आडवी दांडी धरायची. त्यामुळे मनगट जणू कुलपात बंद होते. तलवारीचा हात मनगटात असतो, पट्ट्याचा हात खांद्यात, कमरेत आणि त्याहूनही पायांत असतो. पवित्रा चुकला की लवचिक पाते उलटून शिकणाऱ्याच्याच पोटरीला लागते. म्हणून आधी कित्येक महिने हातात पाते द्यायचेच नाही. नुसते पाय. मग फरी-गदका, म्हणजे चामड्याने मढविलेली काठी आणि लहान ढाल. मग जमिनीवर ठेवलेले लिंबू. माणसाच्या तळहातावरचे लिंबू फार पुढची गोष्ट.

याच्या जोडीला कुस्ती होतीच. बोथाटी होती, म्हणजे भाल्याच्या टोकाला कापडाचा गोळा बांधून घोड्यावरून खेळायचा सराव. ठासणीच्या बंदुकीने निशाण मारणे होते. बंदूक आणि घोडा चार भिंतींत शिकविता येत नाही. त्याला उघडे रान लागते. पुण्याच्या दक्षिणेला, पेठांच्या बाहेर, तसे रान होते ते गुलटेकडीचे. आज तेथे मार्केट यार्ड आहे आणि पहाटे कांद्या-बटाट्याच्या ट्रकांची रांग असते. लहुजींच्या काळी तेथे टेकडीचा उतार आणि झाडी होती. पोरांना घेऊन वस्ताद गुलटेकडीच्या रानात जात, असे परंपरा सांगते.

आता मी जरा माझ्या धंद्याचे बोलतो. शिबिरात मुलाच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधायचे असतात, ते मलाच बांधावे लागतात. गाठ मीच ओढून पाहतो, टोपीचा बंद हनुवटीखाली मी आवळतो, कड्याच्या तोंडाशी मूल भिऊन थिजले तर त्याचा खांदा मी धरतो. अंगाला हात न लावता हे काम करताच येत नाही. मागच्या हिवाळ्यात एका शिबिराला मुलाला पोहोचवायला आलेल्या एका पालकांनी मला माझे नाव विचारले. मी नाव सांगितले. त्यांनी पूर्ण नाव विचारले. मी आडनाव सांगितले आणि ते थोडा वेळ गप्प राहिले. मग मूल शिबिराला आले, दोर उतरले, हसत घरी गेले. प्रसंग एवढाच. मला राग आला नाही, पण लहुजींच्या चरित्राचे पान त्यानंतर मी निराळ्या डोळ्यांनी वाचू लागलो.

कारण पट्टा शिकविणाऱ्यालाही हात लावावा लागतो. शिष्याचा दंड धरून फिरवावा लागतो, गुडघ्यावर टिचकी मारून पाय पुढे घ्यावा लागतो, कुस्तीत तर छातीला छाती लागते आणि घाम घामात मिसळतो. १८२२ नंतरच्या पुण्यात, पेशवाई जाऊन पाच-दहा वर्षे झालेली असताना, हे हात एका मांगाचे होते. आणि शिकायला येणाऱ्यांत माळी होते, मराठे होते, ब्राह्मणही होते. घरी गेल्यावर यांपैकी किती जणांनी अंघोळ केली असेल याची कल्पना आपण करू शकतो. पण दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा आले. हौद्यातल्या मातीचा हा गुण आहे. तिच्यात उतरलेल्या माणसाला शेवटी एकच गोष्ट कळते, समोरच्याला डाव येतो की नाही. शहाण्या माणसांच्या सभेत ही गोष्ट कळायला फार वर्षे लागली आणि अजून पुरती कळलेली नाही.

गुलटेकडीच्या संदर्भात मात्र एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यावर मी बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो. १८५५ मध्ये ज्ञानोदय या नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत एका चौदा वर्षांच्या मुलीचा निबंध छापून आला. मुलीचे नाव मुक्ता. फुल्यांच्या शाळेतली विद्यार्थिनी, आणि साळवे कुळातली, लहुजींच्याच घरची. विषय मांग-महारांचे दुःख. त्या निबंधात ती बाजीरावाच्या राज्यातली स्थिती सांगते. मांग किंवा महार तालीमखान्याच्या समोरून नुसता चालत गेला तर त्याचे डोके उडवीत आणि गुलटेकडीच्या मैदानावर त्या डोक्याचा चेंडू व तलवारीचा दांडू करून खेळत, असे तिने लिहिले आहे. आणि लगेच विचारले आहे की, ज्या राजाच्या दारावरून जाण्याचीच बंदी, त्याच्या राज्यात विद्या शिकण्याची मोकळीक कोठून मिळणार?

बाजीरावाचे राज्य संपून तेव्हा सदतीस वर्षे लोटली होती. मुक्ताने ते पाहिलेले नव्हते. तिने ते घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले असणार. तालीमखाना आणि गुलटेकडी, हे दोन शब्द त्या घरात कसे उच्चारले जात असतील! ज्या तालमीपुढून चालणे म्हणजे मरण, तशी तालीम त्याच घरातल्या माणसाने शहरात स्वतःची काढली. ज्या मैदानावर डोक्यांचे चेंडू झाल्याच्या आठवणी सांगितल्या जात, त्याच टेकडीवर तो सगळ्या जातींची पोरे घेऊन गेला आणि त्यांना निशाण मारायला शिकविले. हे त्याने ठरवून केले असेल की केवळ जवळचे रान म्हणून, या वादात मला शिरावयाचे नाही. केले एवढे खरे.

येथे एक अडचण आहे आणि लहुजींवर लिहिणारे पुष्कळ जण ती टाळून पुढे जातात. राघोजी साळवे ज्या बाजीरावासाठी खडकीच्या धामधुमीत मेले, तोच हा बाजीराव. मुक्ताने ज्याच्या राज्याविषयी असे लिहिले तो हाच. एकाच घरात आजोबांच्या पिढीने त्याचे मीठ खाल्ले, त्याच्यासाठी रक्त सांडले, आणि नातवंडांच्या पिढीने त्याच्या राज्याचा हिशेब शाईने मांडला. कोणी म्हणेल, यांपैकी एकच खरे असले पाहिजे. मला तसे वाटत नाही. शिकारखान्यात वाघ सांभाळायला राघोजी हवे होते, गडाचा पहारा त्यांच्याशिवाय होत नव्हता. आणि तरीही त्यांच्या जातभाईने कोठून चालावे हे ठरविणारे दुसरेच होते. लहुजींच्या अंगात बापाचा सूड आणि जातीची सल, दोन्ही होते. आजच्या सभांतून वक्ते आपल्या सोयीने त्यांपैकी एकच उचलतात, आणि वस्ताद अर्धेच आपल्या वाट्याला येतात.

१८४७ च्या सुमारास या तालमीत जोतीराव फुले येऊ लागले. स्कॉटिश मिशनच्या शाळेतले शिक्षण नुकतेच संपत आलेले, वय वीस. बरोबर मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे. एक माळी, एक ब्राह्मण, आणि शिकविणारा मांग. जोतीराव दांडपट्टा आणि निशाणबाजी शिकले ती इंग्रजांचे राज्य उलथून टाकण्याच्या तरुण ईर्ष्येने शिकले. ही ईर्ष्या पुढे वर्षभरात वळली. १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली आणि बंदुकीऐवजी पाटी हाती आली. असा शिष्य हातचा गेला म्हणून एखादा वस्ताद रुसला असता. लहुजी तर त्या शाळांच्या कामात उतरले. मांग-महारांच्या मुलांसाठी जोतीरावांनी शाळा काढल्या, तेव्हा मुले मिळणे हीच मोठी पंचाईत होती. शिकून करायचे काय, शिकलो तर वरचे लोक मारतील, देव कोपेल, अशी घराघरांतून भीती. त्या काळच्या वृत्तान्तात, या शाळांसाठी आपापल्या लोकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून देणारे म्हणून दोघांची नावे येतात: राघ राऊत मांग यांचे पुत्र लहुजी आणि राणोजी महार, ज्यांना राणबा म्हणत.

वस्तादाच्या शब्दाला वस्तीत जे वजन असते ते प्रोफेसरांच्या शब्दाला नसते, याबद्दल आपल्या गुरुजनांनी मला क्षमा करावी. तालमीचा माणूस पोराच्या आईला ओळखतो, पोर कधी आजारी होते हे त्याला ठाऊक असते, आणि पोराला कोणी रस्त्यात अडविले तर मध्ये कोण उभे राहील हे सगळ्यांना ठाऊक असते. शाळेच्या वाटेवर असा माणूस उभा आहे म्हटल्यावर आईने पोर पाठविले. मुक्ता साळवे शाळेत गेली, लिहू लागली आणि तीन वर्षांच्या शिक्षणावर तिने तो निबंध लिहिला. लहुजींच्या हाताखालून गेलेल्या पट्टेबाजांची गणती आज कोणी करू शकत नाही. पण तो निबंध छापलेला आहे आणि तो आजही वाचता येतो.

दुसरा शिष्य पाटीकडे वळला नाही. वासुदेव बळवंत फडके, शिरढोणचे, जन्म १८४५ चा. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात कारकून. आई मरणाच्या दारी असताना रजा मिळाली नाही ही त्यांची कथा सर्वांना पाठ आहे. ते लहुजींकडे येऊ लागले तेव्हा वस्ताद सत्तरीच्या घरात होते. या वयाचा शिक्षक शिष्याला काय देतो? पाते फिरवून दाखविण्याची रग आता ओसरलेली असते. उरतो तो डोळा. कोणाचा पाय कोठे चुकतो ते लांबून कळणे, आणि केव्हा थांबवावे हे कळणे. फडक्यांनी पुढे स्वतः पोरे जमविली, पुण्याबाहेरच्या टेकड्यांवर त्यांना हत्यारे शिकविली; म्हणजे शिष्यही वस्तादच झाला. याच फडक्यांनी वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्याबरोबर पुण्यात शाळा काढण्याच्या कामातही हात घातला होता, हे आपण बहुधा विसरतो. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने त्यांचे मन फिरले. सुशिक्षितांनी पाठ फिरविली, तेव्हा ते रामोश्यांकडे गेले, त्याच रामोश्यांकडे ज्यांच्या उमाजींना पुण्याने पिंपळावर लटकताना पाहिले होते. १८७९ च्या फेब्रुवारीत शिरूर भागातल्या धामारीवर पहिला छापा पडला. मे महिन्यात दौलतराव नाईक मारले गेले आणि जुलैत फडके विजापूर भागात पकडले गेले.

लहुजींच्या शिष्यांत लोकमान्यांचेही नाव परंपरेने घेतले जाते. डेक्कन कॉलेजात टिळकांनी पहिले वर्ष अभ्यासापेक्षा व्यायामातच घालविले हे सर्वश्रुत आहे, आणि तेव्हा लहुजी ऐंशीच्या जवळ होते. माझा आक्षेप आहे तो निराळ्याच गोष्टीला. कोणत्याही फलकावर पाहा, लहुजींच्या नावाखाली शिष्यांची यादी असते आणि यादीतली नावे जितकी मोठी तितके वस्ताद मोठे, असा हिशेब असतो. शिक्षकाचे माप असे काढायचे असेल तर ज्याच्या हाताखालून पंचेचाळीस-पन्नास वर्षे सुतार, कुंभार, मांग, माळी, भिक्षुकांची पोरे गेली, त्या रोजच्या पहाटेचे माप कोण काढणार? हौद्यात उतरणाऱ्या शंभर पोरांतला एखादा फुले होतो. उरलेले नव्व्याण्णव ताठ चालायला शिकतात. मांगाच्या पोराने ताठ चालणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. मुक्ताच्या निबंधातल्या तालीमखान्याची आठवण असलेल्या शहरात तर मुळीच नव्हती.

फडके पकडले जाण्याच्या आदल्या वर्षी, १८७८ मध्ये, लिटनच्या सरकारने हत्यारांचा कायदा केला. परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा झाला. साठ वर्षांपूर्वी फौज मोडली तेव्हा हत्याराचा उपयोग गेला होता. आता हत्यारच गेले. यापुढे पट्टा म्हणजे खेळ आणि तालीम म्हणजे कुस्ती. लेझीम पाहा. आज शाळेच्या संमेलनात मुली हलगीच्या तालावर नाजूक लेझीम खेळतात. जुनी लेझीम म्हणजे लोखंडी साखळीचे जड धनुष्य असे आणि ते ओढताना छाती फाटे. हत्यारांचे खेळ झाले, खेळांच्या कसरती झाल्या, कसरतींची शिबिरे झाली. त्या साखळीच्या अगदी शेवटच्या कडीला माझी शनिवार-रविवारची नोकरी लोंबकळते आहे, याची मला जाणीव आहे. आमच्या शिबिरातल्या धनुष्याच्या बाणांना रबरी टोके असतात.

फडक्यांचा खटला पुण्यातच चालला. सार्वजनिक काकांनी त्यांचे वकीलपत्र घेतले. मुळा-मुठेच्या संगमाजवळ ज्या इमारतीत फडक्यांना ठेवले होते तेथे आज त्यांचे स्मारक आहे. जन्मठेपेची शिक्षा झाली आणि १८८० च्या जानेवारीत त्यांना एडनला पाठविले. पंच्याऐंशी वर्षांचे वस्ताद तेव्हा पुण्यात होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फडके एडनच्या तुरुंगाचे दार उचकटून पळाले आणि लगेच पुन्हा पकडले गेले.

१७ फेब्रुवारी १८८१ रोजी लहुजी वारले. त्यांची समाधी संगमवाडीला आहे, फडक्यांच्या कोठडीपासून नदी ओलांडली की पलीकडे. दर वर्षी त्या दिवशी आणि १४ नोव्हेंबरला तेथे गावोगावची माणसे येतात, हलगी वाजते, कोणी पोरगा पट्टा फिरवून दाखवितो. २००३ मध्ये राज्य शासनाने मातंग समाजाच्या स्थितीचा अभ्यास करण्यासाठी जो आयोग नेमला त्यालाही लहुजींचेच नाव दिले. वस्ताद गेल्याला बरोबर दोन वर्षे झाली त्या दिवशी, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी, एडनच्या तुरुंगात वासुदेव बळवंतांनीही प्राण सोडला.